गेटजवळचा रानझेंडू

शिवलीलाच्या झेंडूला पाकळ्या पाचच, आणि फूल बोटाच्या पेराएवढं. शहरात, बनशंकरी भागातल्या त्या गल्लीत त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नसतं. पण अथणीला तिच्या माहेरच्या बांधावर भावानं तणाचं औषध मारलं, तेव्हापासून हा रानझेंडू तिकडं दिसेनासा झाला होता. गेटजवळचं हे एकच रोप उरलेलं. त्यानं बी धरलं तर वाण राहणार. शिवलीला त्याला लेकरासारखं जपायची आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

वैरी एकच. पहाटे पिशव्या घेऊन दुसऱ्यांच्या दारची फुलं तोडणारी भक्तमंडळी. त्यांचे म्होरके शेजारचे निवृत्त इंजिनियर चंद्रकांतराव. सांगून दमल्यावर शिवलीलानं डोकं चालवलं. रोपाच्या बुडाशी दगड ठेवून त्याला कुंकू लावलं. देवाचं फूल कोण तोडणार?

तोडलं नाहीच कुणी. उलट तांब्या तांब्या पाणी ओतायला लागले, शुक्रवारी तर दूधही. आठवड्यात पानं पिवळी पडली, देठ बुडाशी मऊ लागला. आपल्याच हुशारीनं रोप कुजतंय हे शिवलीलाच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेटात उभी राहिली. चंद्रकांतराव तांब्या घेऊन आले, मागे दोघी बायका.

"काका, पाणी घालू नका. हितं देव न्हाई. तुम्ही फुलं तोडू नये म्हणून मीच दगड ठेवलाय."

"म्हणजे आठवडाभर आम्ही नमस्कार केला तो कुणाला?"

"माझ्या झेंडूला. आमच्या अथणीचा हाय. तिकडं संपला, हितं मी जगवलाय."

खरं तर तिला लाज वाटायला हवी होती. तिचा मात्र ऊर अभिमानानं भरून आला. सगळ्यांदेखत तिनं दगड उचलला, चिखल उकरून कोरडी माती भरली. चंद्रकांतराव भरला तांब्या घेऊन परत गेले.

रोप सावरलं. दसरा झाल्यावर फुलं झाडावरच वाळली आणि चांगलं मूठभर बी निघालं. ते न्यायला धाकटा भाऊ कल्लाप्पा अथणीहून बसनं आला. लग्नापासून माहेराहून तिच्याकडं ज्वारी यायची, शेंगा यायच्या; आता पहिल्यांदाच माहेर तिच्या दारात मागायला उभं होतं.

"स्वल्प दे की अक्का," कल्लाप्पा म्हणाला.

शिवलीलानं अर्धं बी पुडीत बांधून त्याच्या हातावर ठेवलं. "बांधावर परत औषध मारलंस, तर माझ्या दारात यायचं न्हाई."

माहेरी एवढा मोठा आहेर त्या गल्लीतल्या कुठल्याच बाईनं केला नाही, असं तिचं अजून म्हणणं आहे.