फिंतासची फखरुन्निसा

माझा नवरा यूसुफ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर ऐकणाऱ्या बायका लगेच त्याच्यावर घसरतात. तिकडे आखातात, राई नावाच्या भागात, त्याचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. तोंडात कधी शिवी नाही, हातात कधी काठी नाही. फक्त बायकोनं उंबरठ्याबाहेर का जावं, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नसे. "सगळं आणून देतो ना घरात?" म्हणायचा. देत होता हो. खैतानच्या त्या दोन खोल्यांत पापलेटापासून पावडरीपर्यंत सगळं यायचं. खिडकी उघडली की समोर भिंत. तिच्यावर एखादी पाल आली तर घरी पाहुणा आल्यासारखं वाटायचं मला, खोटं नाही सांगत.

चौसष्ट सालची गोष्ट. समुद्रकाठच्या फिंतासला राहणारी एक फ्रेंच बाई माझ्याकडे फ्रॉक शिवून घ्यायला यायची. मादाम म्हणायचे मी तिला. नवरा तेलाच्या कामावर, आणि ही पॅरिसला गणित शिकलेली बाई इथे पडद्यांचे रंग निवडत बसलेली. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला सांगून टाकलं की म्याट्रिकला गणितात दोनदा आपटले आणि तिसऱ्यांदा बसायच्या आत निकाह लागला. ती म्हणाली, "ये माझ्याकडे, शिकवते."

ऑक्टोबरात आम्ही गावी जाणारच होतो. माहेरी राहून रत्नागिरीला गुपचूप पेपर देता आला असता. दुसरं काही नको होतं मला, एवढंच. पण दोन पोरांची आई गोरीच्या घरी शिकायला जाते? यूसुफ हसला असता, आणि माझी सासू खैरुन्निसा, तिनं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

वाट दाखवली मादामच्याच एका गोष्टीनं. तिकडे फ्रान्सात गणितातल्या काही मोठ्या डोक्यांनी मिळून एक माणूसच पैदा केला. जगात नसलेला माणूस! सगळे मिळून लिहायचे आणि पुस्तकावर नाव त्याचं. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापली मेल्यांनी. आणि कोणा अमेरिकन प्रोफेसरानं लिहिलं की असा कोणी माणूस नाहीच, तर यांनी उलट उठवून दिलं, तो प्रोफेसरच मुळी नाही म्हणून! मी शिलाईच्या मशीनवर डोकं ठेवून हसले. आणि हसता हसता मला फखरुन्निसा सुचली.

फखरुन्निसा खाला. विधवा, सासूला आपली वाटावी म्हणून मूळची तिच्याच बाणकोटकडची, फिंतासला एकटी, दम्यानं अंथरुणाला खिळलेली. आजाऱ्याला बघायला जायला आपल्यात कोण नाही म्हणेल? आणि घरात पुरुषमाणूस नाही म्हटल्यावर यूसुफ आत यायचा प्रश्नच नव्हता. दर गुरुवारी दुपारनंतर तो अहमदीला सीटा पोचवायला जायचा. जाताना मला गल्लीच्या तोंडाशी सोडायचा, येताना हॉर्न वाजवायचा. पोरं सासूपाशी. वर म्हणायचा, "पुण्याचं काम, सवाब मिळेल तुला." अल्ला माफ करो.

मादामच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा. तिथे बसून ती मला शिकवायची. एकदा तिनं रिकामा डबा पुढे ठेवला. म्हणाली, "यात काय आहे?" म्हटलं, "काही नाही." "पण डबा आहे ना?" मग तो डबा तिनं दुसऱ्या डब्यात ठेवला. आता या डब्यात एक वस्तू आली की नाही? झाला एक. असं करत करत तिचे लोक काहीच नाही यातून सगळे आकडे उभे करतात म्हणे. मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी मसाल्याचे डबे रिकामे करून बघितले. सासू म्हणाली, "काय गो, उंदीर झाले काय?"

चांगलं चाललं होतं. उन्हाळ्यात एके दिवशी सासू तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ती तुझी फखरुन्निसा बाणकोटची ना गो? डोळा जरा तिरपा?"

"हो अम्मा," मी पटकन म्हणाले. "तिरपाच."

"अगो बाय! ती माझी लहानपणची. येत्या गुरुवारी मीपण येते. पोरं राहतील शेजारी."

तो आठवडा कसा गेला, माझं मला ठाऊक. गुरुवारी यूसुफनं आम्हा दोघींना गल्लीच्या तोंडाशी सोडलं. गाडी गेली आणि मी तिचा हात धरला. म्हटलं, "अम्मा, मला मारा, पण आधी ऐका."

"काय ऐकू? बाणकोटात जन्म गेला माझा. तिरप्या डोळ्याची फखरुन्निसा तिथे कोणी नव्हती. तू हो म्हणालीस, तेव्हाच समजले. चल आता, उन्हात उभी नको करू. दाखव घर."

मादामनं दार उघडलं. सासूनं ना तिच्याकडे बघितलं, ना मेजावरच्या माझ्या गणिताच्या कागदांकडे. मागच्या दारातून तिला पाणी दिसलं होतं. चपला तिथेच टाकून ती सरळ निघाली आणि साडीसकट समुद्रात जाऊन बसली. म्हातारी रडत होती की तोंडावर पाणी मारत होती, कळेना. नवरा गेल्यावर लेकानं इकडे आणल्यापासून तीही कुठे गेली नव्हती. इतकी वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही, पण हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

मला वाटलं, सुटले! आता आम्ही दोघी एक.

साडी उन्हात वाळवूनच आम्ही निघालो. परतताना गाडीत ती यूसुफला म्हणाली, "फखरूचं काही खरं नाही रे. मला बघून रडली. येत्या गुरुवारपासून मीच येत जाईन."

"आणि शहरबानू?" त्यानं माझ्याबद्दल विचारलं.

"पोरांना कोण बघेल? दर वेळी शेजारणीच्या गळ्यात घालायची? ती राहील घरात."

"तेही खरंच," यूसुफ म्हणाला.

घरी आल्यावर चुलीपाशी मी तिला धरलं. "अम्मा, माझी परीक्षा आहे. मी सांगेन त्यांना, फखरुन्निसा म्हणून कोणी नाहीच."

"सांग. मग तूही नाही जायची आणि मीही नाही." आवाज चढवला नाही तिनं. "तू तरणी आहेस गो. तुझे गुरुवार पुढे पडलेत. माझे किती राहिले?"

तिचं खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त संताप आला. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही म्हातारीनं.

पुढच्या गुरुवारी हॉर्न वाजला. माझा बुरखा माझ्या खुंटीवरून काढून सासू निघाली. मी दार लावलं, पोरांना भात कालवला, भिंतीकडे बघत बसले. संध्याकाळी ती आली ती गालात हसत. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. नुकत्या पुसलेल्या फरशीवर तिच्या पावलांची ओली रेती पडली.

"ती गोरी तुझं नाव घेऊन काहीतरी विचारत होती," ती म्हणाली. "शहरबानू, शहरबानू करत होती. मला कुठे तिची भाषा येते? मी आपला हात हलवला. म्हटलं, नाही."

यूसुफनं विचारलं, "खाला कशी आहे?"

"आहे," सासू म्हणाली.

मी केरसुणी घेतली आणि रेती काढायला बसले.