चेंबरखालचा टॉवेल

महादेवप्पाला कुणी गॅरेजला जा म्हटलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, त्यानं सगळी उमर माग दुरुस्त करण्यात घालवलेली. जॉबर महादेवप्पाचा नुसता हात लागला की बंद पडलेला माग खडखडायला लागतो, अशी त्याची ख्याती. आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटाही काही कमी नव्हता. आता अशा माणसानं, रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली व्हॅन इंजिनाखालनं तेल गाळतीय म्हणून दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी करायची? छे, जमायचंच नाही.

तेल गळत होतं ते मात्र खरं. इंजिनाच्या बुडाला तेलाचा पत्र्याचा डबा असतो, त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. हा चेंबर आणि इंजिन यांच्या मधलं पॅकिंग वाळून चिरलं होतं. घरापुढं गळलं असतं तर कोण विचारतंय? पण मेलं ते गळलं वळसंगला, लेकीच्या सासरी, व्याह्यांनी अंगणात नुकत्याच घातलेल्या पांढऱ्या फरशीवर. तेसुद्धा सिद्धेश्वरीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी, चार पाहुण्यांच्या देखत. आणि व्याही चन्नप्पा म्हणजे मुलखाचा टापटिपीचा माणूस. ट्रॅक्टरलासुद्धा आंघोळ घातल्याशिवाय शेडमध्ये घेत नसे. त्यानं डागावर राख टाकली, सोडा टाकला, गुडघे टेकून घासघास घासलं. डाग काही हलला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी महादेवप्पानं ते हसण्यावारी नेलं असतं. पण आता लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची वेळ आली. आपल्या स्वतःच्या गाडीतनं तिला आणायचं, मागच्या सीटवर गादी घालायची, वाटेत कुंभारीला गाडी थांबवून शहाळं पाजायचं, असं सगळं त्यानं मनात कधीचं मांडून ठेवलं होतं. व्हॅन घेतली तीच मुळी त्यासाठी. सिद्धेश्वरी लहान असताना त्याच्याकडं सायकल होती, आणि तिच्या लग्नात तिची पाठवणी झाली ती भाड्याच्या जीपमधनं. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागून राहिली होती. आणि चन्नप्पानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. न्यायचा दिवस ठरवायला फोन केला, तर म्हातारा फोनवरच अडून बसला.

"ज्या गाडीच्या पोटात तेल टिकत न्हाय, त्या गाडीत माझी सून बसायची न्हाय," तो म्हणाला. "जेवण हुईस्तवर गाडी माझ्या फरशीवर उभी करा. एक थेंब पडला, तर मी भाड्याची गाडी सांगून पोरीला धाडतो. न्हाय पडला, तर खुशाल न्या."

पुन्हा भाड्याची गाडी! महादेवप्पानं रागारागात होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी बाजारातनं नवं पॅकिंग आणलं. एक नग लागला तर दोन आणायचे, ही कारखान्यातली सवय, त्यामुळं पॅकिंगही दोन आली. मग मोबाईलवर एक व्हिडिओ लावून तो गाडीखाली घुसला. त्याची बायको निंगव्वा दारातनं म्हणत होती की पोरीचा प्रश्न हाय, एकदा जाणत्या माणसाला दाखवा. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जुनं तेल काढलं, चेंबर उतरवला, खरवडून साफ केला, नवं पॅकिंग अगदी झकास बसवलं. इथपर्यंत सगळं व्हिडिओप्रमाणं. पुढं व्हिडिओतला माणूस बोल्ट कसे आवळायचे ते सांगायला लागला, तेव्हा महादेवप्पानं हसून व्हिडिओ बंद केला. बोल्ट आवळणं आता त्याला शिकवणार होय?

आणि माशी शिंकली ती तिथंच. माग दिवसभर गदागदा हलतो. त्याचा एखादा नट ढिला राहिला तर तासाभरात निसटून सुतात पडतो. म्हणून जॉबरच्या हातात पाना आला की अंगातला सगळा जोर लावून आवळायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. चेंबरचे बोल्ट असतात बोटाएवढे, खालचा पत्रा पातळ. महादेवप्पानं एकेकाला असा काही पिळला की पत्र्याची कड प्रत्येक बोल्टाशी आत दबली, मधे मधे फुगली आणि पॅकिंग बाहेर आलं. नवं तेल ओतलं. संध्याकाळी चहा घेऊन खाली वाकून बघतो, तर आधी ठिबकत होतं ते आता चांगलं ओघळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळसंगला निघायचं होतं. आता गॅरेजला जायचं म्हणजे निंगव्वापुढं हार मानायची, आणि गॅरेजवाल्यानं चेंबर बघून 'हे कुणी केलं' म्हणून विचारलं तर? चिंतेत बसलेल्या महादेवप्पाची नजर दोरीवरच्या टॉवेलवर गेली. कारखान्यातला सेकंडचा टॉवेल, म्हणजे विणताना काठ चुकलेला. पण जाडजूड, बादलीभर पाणी पिईल असा. सोलापूरच्या माणसाच्या घरात दुसरं काही नसलं तरी टॉवेल असतोच. त्यानं त्याची चौपदरी घडी केली, चेंबरच्या खाली धरली आणि सुताच्या दोरीनं अशी आवळून बांधली की बाहेरनं काही म्हणजे काही दिसू नये. रात्रभर गाडीखाली एक थेंब आला नाही. निंगव्वानंसुद्धा वाकून बघितलं आणि बरं झालं बाई म्हणाली. एवढं तिनं म्हटल्यावर त्याला जरा चोरट्यासारखं झालं, म्हणून त्यानं तेलाचा एक नवा कॅन गाडीत टाकला.

निंगव्वा घरी बाळंतिणीची खोली लावत राहिली आणि महादेवप्पा एकटाच वळसंगला गेला. वाटेत जळकट वास यायला लागला. शेतात कुणी पाचट पेटवलं असंल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठंच धूर दिसेना, तेव्हा त्यानं काच वर केली.

चन्नप्पा अंगणात वाटच बघत होता. पटका चापूनचोपून बांधलेला, आणि हातात गेल्या वर्षीचं कॅलेंडर. गाडी फरशीवर उभी राहताच त्यानं कॅलेंडरची पानं फाडून कोरी बाजू वर करून इंजिनाखाली अंथरली, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि मगच व्याह्याचे हात हातात घेऊन आत बसवलं. जेवण जोरदार होतं. शेंगाची पोळी होती, वांग्याची भाजी होती, कडक भाकरी होती. पण महादेवप्पाला घास गोड लागेना. चन्नप्पा दर दोन घासांनी मान लांब करून अंगणाकडं बघायचा. जेवण झालं, पान झालं. चन्नप्पा उठला, कागद ओढून काढले, उजेडाला धरले. कोरे करकरीत.

"मानलं पाव्हणं," तो म्हणाला. आवाजात मात्र आनंदाचा पत्ता नव्हता.

महादेवप्पा जिंकला होता. त्याची छाती खरंच फुगली, नाही कशाला म्हणायचं? लेकीची बॅग त्यानं स्वतः उचलून मागं ठेवली, गादी नीट केली, उशी थोपटली. सिद्धेश्वरी एका हातानं कंबर धरून सावकाश पायऱ्या उतरून आली. दाराला धरून उभी राहिली आणि नेहमीसारखंच, काही मनात नसताना विचारलं, "अप्पा, गाडी नीट हाय न्हवं?"

पोरीनं दुसरं काहीही विचारलं असतं तर निभावलं असतं. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, पोटाकडं बघितलं, आणि वाटेतला तो जळका वास पुन्हा नाकात शिरल्यासारखा झाला. टॉवेल नेमका सायलेन्सरच्या नळीला टेकलेला. तेलानं भिजलेला टॉवेल, तापलेली नळी, आणि वर गादीवर ही. आपण हे काय करायला निघालो होतो? कुणासाठी, या म्हाताऱ्याला दाखवण्यासाठी?

"न्हाय बाळा," तो म्हणाला. "नीट न्हाय. बसू नको तू."

आणि धुवट कपड्यांनिशी तो फरशीवर आडवा झाला, गाडीखाली हात घातला, दोरी तोडली. टॉवेल बाहेर आला तो काळाकुट्ट, एका कोपऱ्याला करपलेला, आणि पांढऱ्या फरशीवर तेलाचं हे एवढं थारोळं. मग त्यानं इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. अजून थोडं अंतर गाडी पळाली असती तर इंजिनच जाम झालं असतं. त्यानं पट्टी, टॉवेल, सगळं चन्नप्पापुढं धरलं आणि जे जे केलं ते सांगून टाकलं. व्हिडिओ बंद केला ते धरून. शेवटी म्हणाला की तुमी भाड्याची गाडी बोलवा, माझं काय म्हणणं न्हाय.

चन्नप्पाला राग आला की कानडी सुटायची. आताही तो तोंड उघडून कानडीत कायतरी सुरू करणार, एवढ्यात त्याची नजर त्या टॉवेलवर गेली. काठ चुकलेला, चौपदरी, तेलानं टम्म फुगलेला टॉवेल. म्हातारा आधी नाकातनं हसला. मग पटका सांभाळत पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तवर हसला. सिद्धेश्वरीही तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि मग महादेवप्पालाही राहवेना.

हसू ओसरल्यावर चन्नप्पानं बाह्या वर केल्या. ट्रॅक्टरच्या शेडमागं त्यानं गाडीखाली उभं राहून काम करायला एक खड्डा बांधून घेतला होता, तोसुद्धा टापटिपीचा. व्हॅन ढकलत तिथं नेली. दोघे साठीपलीकडचे व्याही त्या खड्ड्यात खांद्याला खांदा लावून उतरले. चेंबर काढला. चन्नप्पानं त्याची दबलेली कड लाकडाच्या ओंडक्यावर धरून हातोडीनं हळूहळू ठोकून सपाट केली, काचेच्या तुकड्यावर ठेवून खालनं उजेड येतो का बघितलं, पुन्हा ठोकली. दुसरं पॅकिंग गाडीत होतंच. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ट्यूबमधला चिकट मसाला पातळ फासला. आणि बोल्ट बसवताना त्यानं महादेवप्पाच्या हातातला लांब पाना काढून घेतला, आखूड दिला. आधी मधला, मग समोरचा, असे आलटून पालटून, दोन बोटांनी, थोडे थोडे. महादेवप्पाचा हात जोर लावायला लागला की चन्नप्पा त्याच्या मनगटावर टिचकी मारायचा. मसाला वाळायला आता रात्र जाऊ द्यायची होती. तोवर तेल ओतायचं नाही.

"उद्या तरी सोडाल न्हवं पोरीला?" महादेवप्पानं हात पुसत विचारलं.

चन्नप्पा हातोडीचं टोक पुसायला लागला. "सोडायला कोण न्हाय म्हणतंय," तो म्हणाला. "पर खरं सांगू का पाव्हणं? आज ते तेल गळावं असंच मला वाटत हुतं. भाड्याची गाडी मिळंना, असं सांगून मी अजून आठ दिवस काढलं असतं. तुमचा जावई, अमरेश, सकाळी कामावर जातोय, रात्री येतोय. त्याची आई गेल्यापास्नं ह्या घरात दिवसभर माझ्याशी बोलणारी ही एकटीच. पोरगी गेली की घर खायला उठतंय."

सिद्धेश्वरी लग्न होऊन वळसंगला गेली तेव्हा महादेवप्पा स्वतः महिनाभर कारखान्यात जादा पाळ्या करत होता, घरी जायला नको म्हणून. हे त्यानं निंगव्वालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आज त्या खड्ड्यात उभं राहून त्यानं ते व्याह्याला सांगितलं, आणि सांगितल्यावर त्याला फार बरं वाटलं.

निंगव्वाला फोन करून एक रात्र मुक्काम पडल्याचं कळवलं. का, ते सिद्धेश्वरीनं आईला इतकं रंगवून सांगितलं की पलीकडचं हसणं अंगणात ऐकू आलं.

सकाळी तेल ओतलं, इंजिन चालू केलं, चांगलं तापू दिलं. महादेवप्पानं स्वतः खाली कागद अंथरला, स्वतः ओढून काढला. कोरा. यावेळी खराखुरा कोरा. त्यानं तो चन्नप्पापुढं धरला, पण चन्नप्पानं बघितलासुद्धा नाही. तो सिद्धेश्वरीला उशी पाठीमागं नीट ठेवायला सांगत होता. मग दोन पावलं मागं सरला, पटका सारखा केला आणि सावकाश जावा म्हणून हात वर केला. म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

महादेवप्पा गाडीत बसला आणि परत उतरला.

"पाव्हणं, तुमी बी चला की," तो म्हणाला. "पुढची सीट मोकळीच हाय. ऱ्हावा चार दिवस. ऱ्हावा बाळ हुईस्तवर. ह्या गाडीचा भरवसा न्हाय, जाणता माणूस बरोबर असलेला बरा."

चन्नप्पा नको नको म्हणाला. सुनेच्या माहेरी जाऊन राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील, म्हणाला. म्हशी हायत, म्हणाला, ट्रॅक्टर हाय, म्हणाला. मग सिद्धेश्वरीनं मागनं नुसतं "चला की मामा" म्हटलं, आणि तो पटका बदलून येतो म्हणून आत गेला.

आला तेव्हा डोक्याला नवा पटका होता आणि हातात गच्च भरलेली कापडी पिशवी. त्यातनं घडी घातलेली धोतरं दिसत होती, अंथरूण दिसत होतं, आणि वर शेंगाच्या चटणीची बरणी फडक्यात बांधून ठेवलेली. महादेवप्पानं म्हशींचं काय म्हणून विचारलं, तर दुसरीकडं बघत म्हातारा म्हणाला की ते अमरेशला रात्रीच सांगून ठेवलंय. महादेवप्पानं पिशवी घेतली, लेकीच्या बॅगेशेजारी ठेवली आणि व्याह्यासाठी पुढचं दार उघडून धरलं.