विनावापर: पट्टा क्रमांक सात

फाटकावरच्या नोंदवहीत सातव्या पट्ट्यासमोर बारा वर्षांत एकही नोंद नव्हती, आणि एवढ्याच आधारावर तो पट्टा विनावापर ठरवण्यात आला होता. लष्कराच्या ज्या जमिनी नुसत्या पडून आहेत त्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खाजगी विकासकांना द्याव्यात, असा वरून आदेश आलेला होता. प्रत्येक पट्टा पाहून तसा दाखला देण्याचे काम भूमापन कचेरीतल्या मोजणीदार बाईंकडे होते. जुने तबेले, बंद पडलेली धुलाईशाळा, छपरे उडालेल्या बराकी अशा सहा दाखल्यांवर त्यांनी सह्या केल्या होत्या. सातव्यापाशी त्यांचे पेन थांबले.

हा पट्टा चांदमारीच्या टेकडीमागचा. टेकडीच्या पुढच्या मैदानात पूर्वी तोफांचा सराव चाले आणि नेम चुकलेले गोळे टेकडी ओलांडून मागे पडत. सगळेच फुटत असे नाही. सराव थांबून बारा वर्षे झाली, पण तिकडे पाऊल टाकायला बंदी कायम होती. जिथे जायलाच मनाई, तिथे जाणाऱ्यांची नोंद वहीत कुठून सापडणार? वही चाळणाऱ्याला हे सुचले नसेल, की सुचूनही त्याने सुचू दिले नसेल, हे बाईंना ठरवता येईना.

त्यांनी जुना नकाशा मागवला. त्यावर धोक्याचा भाग लाल रेघांनी भरलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. फायलीत मात्र कोरी करकरीत नवी प्रत होती आणि तीत लाल रेघ औषधालाही नव्हती. मूळ नकाशा वाळवीने खाल्ला, असे कचेरीच्या साहेबांनी शांतपणे सांगितले. तो नकाशा पत्र्याच्या नळकांड्यात असे. त्याच नळकांड्यातले बाकीचे चार नकाशे धडधाकट होते.

"वाळवी शिकलेली दिसते," आरेखक फळ्यावरून मान न उचलता म्हणाला. "आणि जपून राहा बाई. साहेबांनी आज तुमच्यासाठी चहा मागवलाय."

चहा खरोखरच आला. साहेबांनी सासऱ्यांची प्रकृती विचारली, दिराची नवी नोकरी कशी चालली आहे ते विचारले आणि सातव्याचे तेवढे आटपून टाका, असे जाता जाता सुचवले. जागेवर परतून बाईंनी फाईल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. शेवटून दुसरे पान एका निवेदनाचे होते: टेकडीमागची जमीन माझ्या देखरेखीखाली पूर्णपणे साफ करण्यात आली असून तिथे कोणताही धोका नाही. खाली चांदमारीच्या निवृत्त जमादाराची थरथरती सही होती. ती सही बाई दर महिन्याला निवृत्तिवेतनाच्या कागदावर पाहत. निवृत्त जमादार त्यांचे सासरे होते.

त्यांचा नवरा बदलीच्या गावी असे. घरात सासरे, धाकटा दीर आणि त्या, अशी तीनच माणसे. विकासकाच्या कंपनीत जागेवरचा देखरेख्या म्हणून दीर लागला त्याला तीन महिने झाले होते आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्या संध्याकाळी जेवताना दिराने विचारले.

"वहिनी, सातवा पट्टा अजून तुमच्याच टेबलावर झोपलाय म्हणे?"

कचेरीतली गोष्ट बाईंनी घरी कधीच काढली नव्हती. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिले. तोफांनी त्यांचे कान अर्धे नेले होते. उरलेल्या अर्ध्यांनी त्यांना सोयीचे तेवढे ऐकू येई. ते ताटात पाहत घास मोडत राहिले.

"उद्या सुट्टी आहे," बाई मोठ्याने म्हणाल्या. "बाबा, सकाळी चांदमारीकडे फिरून येऊ. तुमची जुनी जागा."

सासऱ्यांना हे ऐकू आले. गुडघा धरलाय, असे ते म्हणाले. गुडघ्याला चालणे चांगलेच, असे दीर हसून म्हणाला आणि आपणही येतो, असेही. याला नुसती सोबत करायची आहे की पाळत ठेवायची आहे, हे बाईंना उमगेना.

सकाळी तिघे टेकडीला वळसा घालून मागे पोचले. गवत कमरेएवढे वाढले होते. वाट एका चुना लावलेल्या दगडांच्या रांगेपाशी संपत होती. सासरे तिथे असे थबकले, जणू समोर भिंत आहे.

"चला ना बाबा, पुढे सावली आहे," बाई म्हणाल्या.

"पुढे कशाला? इथून सगळं दिसतंय."

"तुम्हीच लिहून दिलंय ना, जमीन साफ आहे म्हणून?"

दीर कंटाळून हसला. वहिनी, तुम्हाला सगळ्यांचाच संशय येतो, असे म्हणत त्याने दगड ओलांडायला पाय उचलला.

"मागे हो!"

सासऱ्यांनी त्याचा दंड असा खेचला की दोघेही वाटेवर आदळले. म्हातारा धापा टाकत होता. दंडावरची पकड त्याने सोडली नव्हती.

"बाबा, तुम्ही मला सांगितलंत साफ आहे," दीर म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी उद्या चाळीस मजूर घेऊन येणार होतो. दाखल्याआधीच गवत काढून ठेवायला."

मग सासऱ्यांनी तुटक तुटक सांगितले. साहेब घरी आले होते, बाई कचेरीत असताना. नुसती कागदाची पूर्तता आहे, साफसफाई पुढे होईलच, आणि तुमच्या धाकट्याचेही मार्गी लागेल, असे म्हणाले होते. गोळे काढलेच नव्हते. वरचे चार उचलले आणि पथकाची बदली झाली.

"माझं काय होणार वहिनी?" दिराने परतताना विचारले. खोटा धीर द्यायला बाईंची जीभ वळली नाही. उद्या मजूर आणू नका भावजी, एवढेच त्या म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी दाखल्याऐवजी अहवाल लिहिला: पट्टा धोक्याचा आहे, देता येणार नाही. सोबत सासऱ्यांनी रात्रभर विचार करून स्वतःच्या हाताने लिहिलेले नवे निवेदन जोडले. साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि हळू आवाजात विचारले, सासऱ्यांनी आधी खोटे लिहून दिले हे यातून बाहेर येईल, त्याचा विचार केलात का? बाईंनी सांगितले, त्यांनी स्वतःच केलाय.

"ठीक. ठेवून जा माझ्याकडे."

बाईंनी कागद उचलले आणि आवक विभागात नेले. तिथल्या कारकुनाने साहेबांच्या दाराकडे एक नजर टाकली. शिक्क्याची शाई वाळली आहे, उद्या या, असे तो म्हणाला. बाई समोरच्या बाकावर बसल्या. दुपारची सुट्टी झाली, संपली. त्या उठल्या नाहीत. साडेचारला कारकुनाने खण उघडला आणि खूप दमल्यासारखे करत शिक्का मारला. शाई चांगली ओली होती.

बाईंनी तारीख वाचली, आवक क्रमांक वाचला. मग पिशवीतून अहवालाची दुसरी प्रत काढून त्याच्यापुढे ठेवली.

"हिच्यावरही मारा. ही माझ्याजवळ राहील."