खळ्यातलं भजन

देवबागच्या आमच्या जुन्या घरात गणपतीचं भजन म्हणजे अख्खी वाडी माजघरात. कौलांच्या फटींतून वारा यायचा, आणि आमचे हे, शंकरबुवा, गळा मोकळा सोडायचे. मागच्या वर्षी आमच्या देवेशने ते घर उतरवून स्लॅबचं बांधलं. गणपतीच्या खोलीत एसी, सरकत्या काचा. छान आहे, खोटं कशाला बोलू? पण मला अजून त्या कौलांची आठवण येते.

कोविडने ह्यांची फुप्फुसं पार पोखरून ठेवली. पुन्हा तसं काही लागलं तर झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हापासून ह्यांनी भजन सोडलं. यंदा गणपती बसला आणि दुपारी हे हळूच म्हणाले, “गो, माका आज भजनाक बसाक गावतला?” मी सरळ सुनेला विचारायला गेले.

सून शर्मिला नर्स आहे. तिने एसी लावून, काचा ओढून उदबत्ती पेटवली. धूर तिथल्या तिथे घुटमळत राहिला. “आई, माणूस गाता तेव्हा तोंडातून असांच कायतरी भायर पडता, दिसना नाय इतक्याच. बंद खोलयेत तांच सगळे पोटात घेतत. एसी तीच हवा फिरवता.” देवेशने काचा उघडल्या, पंखा खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला, तेव्हा कुठे धूर हलला. पण वाडीतली एवढी माणसं त्या खोलीत बसवायची म्हणजे धोकाच होता.

“गणपती भायर खळ्यात न्हेवया,” देवेश म्हणाला. एकदा बसवलेला गणपती विसर्जनाआधी कोण हलवतं? मुंबईत राहून पोराचं डोकंच फिरलंय.

“तो हलाचो नाय,” मी म्हटलं. “माणसां हलवया.”

दार सताड उघडलं आणि घरापुढच्या खळ्यात चटया टाकल्या. पावसासाठी वर ताडपत्री होती, बाजू मोकळ्या. एवढ्यात पखवाजवाला धोंडू शिंकत आला. चतुर्थीला दारातून माणूस परत पाठवायचा म्हणजे महापाप, पण मी त्याला चांगलंच झापलं. “पडसा घेवन इलस? मास्क लाव आणि त्या कडेक बस. पखवाज हातान वाजता, तोंडान नाय.” तो फुगला, पण मास्क लावून पार टोकाला बसला.

हे उंबऱ्याशी, वाऱ्याकडे तोंड करून बसले. पहिली ओळ उचलली आणि अर्ध्यावर श्वास संपला. पण कुणी थांबलं नाही. सगळ्या खळ्याने ओळ पुढे नेली आणि हे दम घेऊन पुन्हा त्यात शिरले. पुढचं सगळं भजन असंच झालं.

आरती झाल्यावर ह्यांनी मला विचारलं, “आवाज पूर्वीसारखो नाय रव्हलो मां गो?”

“नाय,” मी म्हटलं. “पण तुमी आसात.”

आणि मी सगळ्या वाडीदेखत रडले, पदरसुद्धा तोंडाला लावला नाही.