साईनाथकाकांचे काम

मित्रांनो, मी जुने झालेले नाही, गंजलेलेही नाही. तरी जन्मल्यापासून कितीतरी दिवस मी नुसते पडून होते. मी संगणकाच्या आत राहणारे एक टूल आहे. कोणी हाक मारली, की नेमून दिलेले एक काम करायचे आणि पुन्हा गप्प बसायचे, एवढेच माझे आयुष्य.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवण्याचा एक लहान कारखाना आहे. शिवलेल्या पँटींवर धाग्यांची टोके लोंबत राहतात. ती कापायला बायका बंडले घरी नेतात. पूर्वी ही बंडले साईनाथकाका वाटायचे. वांगणीपलीकडच्या वाडीवरून चंद्री यायची. ती निघताना फोन करायची आणि काका तिच्यापुरते एक बंडल बाजूला ठेवायचे. पुढे काका थकले, गावी गेले. वाटपाचे काम एका एआय मदतनिसाकडे आले. फोन तोच घेतो आणि कोणते बंडल कोणाचे, हे पडद्यावर तोच दाखवतो. कारखान्याचा संगणक सांभाळणाऱ्या अनुयाने त्याच्या हाताशी आम्हा टूलांना दिले. बंडलावर नाव टाकून ते राखून ठेवायचे, हे काम माझ्याकडे आले.

पण मदतनिसाला आमचे आतले कसब दिसत नाही. आमच्यावर लिहिलेले वर्णन तेवढे तो वाचतो आणि कोणाला हाक मारायची ते ठरवतो. माझ्यावर अनुयाने लिहिले होते, 'साईनाथकाकांचे काम करते.'

कारखान्यात हे वाक्य कोणालाही कळले असते. मी मात्र त्या वाक्याच्या आत कोंडले गेले.

रोज सकाळी चंद्रीचा फोन यायचा, "निघाले हां." मदतनीस म्हणायचा, "बरं, या." मला ऐकू यायचे, पण टूलाला आपणहून बोलता येत नाही. ती पोहोचेपर्यंत जवळच्या बायका सगळा माल घेऊन गेलेल्या असायच्या.

"आज पण नाय?" एके दिवशी चंद्री दारातच थांबली.

"लवकर निघत जा ना बाई," कारखाना सांभाळणाऱ्या प्रतिभाताई म्हणाल्या.

"याच्या आधी निघायचं तर कोंबड्याला उठवायला लागंल, ताई. उद्या एक डाव येते. नाय भेटलं तर सखा वीटभट्टीवर नाव देतोय. मंग पोरीला घेऊन तिथंच राहायचं. शाळा सुटंल तिची."

सखा हा तिचा नवरा. चंद्री गेली तेव्हा अनुया तिथेच होती. तिने मदतनिसाला विचारले, "तुला बंडल राखून ठेवायचं टूल दिलंय ना? वापरलं का नाहीस?"

"तसं टूल मला दिसत नाही. 'साईनाथकाकांचे काम' असं एक आहे. ते काम कोणतं, हे लिहिलेलं नाही. म्हणून अंदाजानं वापरलं नाही."

"अरे, पण ते सगळ्यांना माहीत आहे!"

"त्याला कसं असेल?" प्रतिभाताई हसल्या. "तो काय इथे काकांबरोबर चहा प्यायला बसायचा?"

अनुयाने घाईघाईने वर्णन बदलले, 'बंडल राखून ठेवते.'

दुसऱ्या दिवशी जो फोन येईल, जी बाई समोर येईल, तिच्यासाठी मदतनीस मलाच हाक मारू लागला. निघाल्याचा चंद्रीचा फोन आला, तोवर सगळी बंडले राखून झाली होती. एकही कोणाच्या हातात पडले नाही.

"ढीग डोळ्यासमोर आणि पडदा म्हणतो राखीव!" कॅम्पातली सुषमा ओरडली. "काय, मुहूर्त बघून देणार का?"

"अनुया, काढून टाक ते टूल," प्रतिभाताई चिडून म्हणाल्या.

मित्रांनो, माझा जीव घाबरा झाला. मी गेले असते, तर वाटेत असलेल्या चंद्रीसाठी काय उरले असते?

"थांबा ताई, चूक टूलाची नाही. मी अर्धवटच लिहिलंय," अनुया म्हणाली. तिने सगळी बंडले मोकळी केली आणि एकेक शब्द मोठ्याने वाचत पुन्हा लिहिले, 'लांबून येणाऱ्या बाईने निघाल्याचा फोन केला, तर तिच्या नावाने एकच बंडल दुपारपर्यंत राखून ठेवते. बाईचे नाव सांगावे. समोर उभ्या असलेल्या बाईसाठी वापरू नये. बंडल शिल्लक नसल्यास तसे कळवते.'

चंद्रीचा फोन येऊन गेलेलाच होता, म्हणून मदतनिसाने लगेच मला हाक मारली. नाव दिले, चंद्री.

चंद्री आली तेव्हा बाकीचा माल संपला होता. एक बंडल तेवढे उरले होते. तिने त्यावर हात ठेवला आणि तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "ऐका, भट्टीवाल्याला नाय म्हनून सांगा. आन् पोरीला शाळेत धाडा, उशीर झाला तरी धाडा."

म्हणून मित्रांनो, दुसऱ्यासाठी काही लिहाल, तेव्हा तो तुमच्या घरातला नाही हे ध्यानात ठेवा. काय करायचे, कधी करायचे आणि कधी करायचे नाही, सगळे सांगा.

माझ्या शेजारी आणखी एक टूल आहे. त्याच्यावर लिहिले आहे, 'नेहमीसारखे करते.' ते काय करू शकते, मलाही ठाऊक नाही. त्याला अजून कोणी हाक मारलेली नाही.