पाठीवरचा हात

मी एक जुनी, दात झिजलेली शेळी आहे. मित्रांनो, बसा, पण फार जवळ नको. माणसांवर माझा एकदम विश्वास बसत नाही. ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण तुमचीच ना? मग मला दोष देऊ नका.

माझा जन्म बारामतीला, राजमहंमदांच्या परसात झाला. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि हौसेनं पाळलेल्या दोन-तीन शेळ्या होत्या. त्यांची बायको रशीदा माझी धार काढायची. दुसऱ्या वेताला मला पांढऱ्या कानांचं एक करडू झालं, बोकड. ते जरा अंगानं भरलं आणि एक माणूस आला. त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबली, मान हलवली आणि त्याला घेऊन गेला. करडू परत आलं नाही. मी पुष्कळ ओरडले. तेव्हापासून मी एक धडा गाठीला बांधला. दुधाचं गिऱ्हाईक कासेला हात घालतं आणि मांसाचं गिऱ्हाईक पाठीला.

माणसं त्या सालाला एकोणीसशे एकतीस म्हणत. वैशाखात रशीदा लेकीच्या बाळंतपणाला दौंडला निघाली. मागे दुकान सोडून रोज धार काढायला राजमहंमदांना सवड नव्हती, म्हणून त्यांनी मला गुरुवारच्या बाजारात उभं केलं.

तिथे सिंधुबाई आली. वडगाव निंबाळकरच्या वाटेवर, कालव्याच्या काठी तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, झुंबररावांचा, भाजीचा लहानसा मळा होता. शेळी त्यांनी कधी पाळली नव्हती. पण माहेरी आलेल्या लेकीचं, बनाबाईचं, तापानं दूध आटलं होतं. शेजारची म्हैसही आटलेली. तान्ही नात छबू गुळाच्या पाण्यावर दिवस काढत होती.

सिंधुबाई माझ्याहून संशयी निघाली. तिनं माझे दात पाहिले, खूर पाहिले, कानात डोकावली.

“भाई, सकाळची धार काढली न्हाय तुमी. कास तुंबवून आणलीया.”

“काढलीया की, बाई. माणूस लबाड आसंल, कास लबाडी करत न्हाय.”

“मी सोता भाजी इकते. पाटीत वर चांगली वांगी अन् खाली किडकी, ही रीत मला नगा शिकवू. हितंच पिळून दावा. मी बसते. परत किती भरतंय ते बगूनच जाईन.”

आणि खरंच, त्यांनी माझी कास रिकामी केल्यावर ती पदर डोक्यावर ओढून तिथेच बसून राहिली. आजूबाजूचे लोक हसले. उन्हं कलली तेव्हा तिनं पुन्हा धार काढायला लावली. भांडं बरंच भरलं. तेव्हा कुठं सौदा झाला. उठताना तिनं माझ्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवला.

मी दावं ओढून मागे सरले. दूध बघायचं हे सोंगच म्हणायचं, मी मनात म्हटलं.

वाटभर मी पाय रोवत गेले. मळ्यात झुंबररावांनी माझं स्वागत केलं ते असं, “शेळी म्हंजी बिनपगारी चोर. माझ्या मेथीकडं बगतीया बग कशी.”

मेथीकडे मी पाहत होते, हे खरं आहे. पण खायची वासना नव्हती. सिंधुबाई भांडं घेऊन बसली की मी अंग आवळून धरी. दूध चढवून ठेवायचं, एक थेंब सोडायचा नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. आत छबू रडायची, आणि तिचं रडणं सकाळपेक्षा संध्याकाळी बारीक झालेलं असायचं.

“फसवलं तुला,” झुंबरराव म्हणाले. “येत्या गुरुवारी खाटकाला देऊन टाकू.”

“माझ्या डोळ्यांम्होरं भांडं भरलं हुतं,” सिंधुबाई म्हणाली. “तितं दिती अन् हितं देत न्हाय. कायतरी हाय ह्यात.”

बघा, माझंच खरं निघालं. खोटं कशाला सांगू, मला जरा बरंही वाटलं. मी दूध चोरत होते म्हणून त्यांना खाटीक आठवला होता, आणि खाटीक येणार म्हणून मी आणखी दूध चोरणार होते. संशयाचं जातं असं आपोआप फिरत राहतं.

त्या संध्याकाळी बनाबाई ओट्यावर तोंड लपवून रडत होती. सिंधुबाई तिच्याजवळ बसली आणि लेकीच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवू लागली. अगदी तसाच. पहिल्यांदा मला वाटलं, ही लेकीलाही विकते की काय! मग आठवलं, बाजारात तिनं माझ्या पाठीवर बोटं दाबली नव्हती. नुसता हात फिरवला होता.

तरी माझी कास सैल होईना. भीती मनातून निघाली तरी अंगातून लवकर निघत नाही.

सकाळी सिंधुबाई आली ती भांड्याशिवाय. तिच्या हातात छबू होती. पोरीला रडायचाही जोर उरला नव्हता. सिंधुबाईनं खाली बसून तिला माझ्या कासेशी धरलं.

“मला देत न्हायस, नगं देऊ,” ती मला म्हणाली. “आता हिला तूच सांग न्हाय म्हणून.”

छबूचं ते तोंड कोरडं होतं आणि तापलेलं होतं. त्यानं मला धरलं, सुटलं, पुन्हा धरलं. मी तिच्यात काही डाव दिसतो का ते शोधलं. खूप शोधलं. तिला फक्त भूक होती. आणि सगळं दूध एकदम खाली आलं. छबूला ठसका लागला, पण तिनं सोडलं नाही. सिंधुबाई रडत होती आणि झुंबरराव दोन्ही हातांनी माझी शिंगं धरून उभे होते, जसं काही मी आता पळूनच जाणार होते.

तर मित्रांनो, तुमच्या दारात नवं जनावर आलं, तर भांडं घेऊन लगेच बसू नका. ते कुणाला तरी मागे सोडून आलेलं असतं आणि तुमच्या प्रत्येक हाताचा वाईटच अर्थ लावत असतं. त्याच्याशी बोला, आणि घरात तान्हं असेल तर आधी ते दाखवा. तुमच्यावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. पण त्या सकाळी मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला आजही चारा गोड लागत नाही.