खिडकीजवळची जागा

श्रीमंत ढग्यांनी खिडकीतून दस्ती आत टाकली आणि ती बरोबर हव्या त्या सीटवर पडली. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरी केलेल्या माणसाची दस्ती इकडंतिकडं पडत नाही. मग ते निवांत दाराकडे निघाले. नांदेड-किनवट रस्त्यावर सीटवर रुमाल पडला की जागेचं खरेदीखत झालं असं समजतात. त्यावर वाद घालणारा माणूस एक तर नवा असतो, नाही तर प्यालेला.

हा रस्ता मात्र जॉर्जिया देशातला होता.

पाठीवर बारा किलोंची सॅक होती. ती लेकीनं, उज्वलानं, लातूरहून पाठवली होती. ती तिथं क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, त्यामुळे वजन कमरेवर कसं घ्यायचं याची आकृती काढलेला कागदही सोबत आला होता. आकृतीतला माणूस अठ्ठावन्न वर्षांचा नव्हता. पंधरा दिवसांत श्रीमंतरावांच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या, आठ जणांच्या खोलीत वरच्या पलंगावर चढून-उतरून कंबर धरली होती आणि पोटाला पाव सोडून दुसरं काही आठवत नव्हतं. पण या पंधरा दिवसांत एकाही माणसानं त्यांना "गाडी कधी सुटणार?" असं विचारलं नव्हतं. एवढ्यासाठी ते आणखी महिनाभर पाव खायला तयार होते.

राहिली होती ती खिडकी. एस.टी.त कंडक्टरला जागा असते, पण तिच्यावर कायम कोणाची तरी म्हातारी आई बसलेली असते. नोकरीतली सगळी झाडं-डोंगर त्यांनी उभ्यानं, लोकांच्या काखांमधून पाहिले होते. आता एक अख्खा घाट बसून पाहायचा होता. बर्फाच्या डोंगरांमधून जाणारी ही दिवसातली एकच गाडी होती आणि परवा त्यांचं परतीचं विमान होतं.

ते आत आले तेव्हा सीटवर एक जाड्या मानेचा माणूस बसला होता.

"ओ पाव्हणं, दस्ती दिसली न्हाई का?"

पाहुण्यांनी बुडाखालून दस्ती काढली, धुकट झालेली काच तिनं पुसली आणि दस्ती बाहेर टाकून दिली. किनवट रोडवर याहून कमी कारणावरून डोकी फुटलेली आहेत. श्रीमंतरावांनी स्वतः पट्ट्या बांधलेल्या आहेत. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं न उठता कोपर त्यांच्या बरगडीत घातलं. श्रीमंतराव सॅकसकट उताणे पडले आणि पडल्या पडल्या हातपाय हलवत राहिले.

मार त्यांना नवा नव्हता. हिमायतनगरला गाडी थांबवली नाही म्हणून त्यांना मारलं होतं, भोकरला थांबवली म्हणून मारलं होतं. एकदा तर एका वऱ्हाडानं अक्षता पडायच्या आधी सामुदायिक मारलं होतं. एकूण अकरा वेळा. त्यांनी एकदाही हात उचलला नाही, कारण कंडक्टरनं हात उचलला की चौकशी लागते. संध्याकाळी बायको, केवळाबाई, हळद गरम करता करता विचारायची, "आज कोण?" दुसऱ्या बायका भाजी कोणती विचारतात, तसं.

पडल्या पडल्या श्रीमंतरावांच्या लक्षात आलं, की इथं चौकशी नाही. अंगावर खाकी नाही, बिल्ला नाही. सॅकच्या कप्प्यातली स्टीलची बाटली त्यांच्या हातात आली.

पहिला फटका भुवईवर बसला आणि कातडी फाटली. दुसरा नाकावर, आत काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज झाला. तिसऱ्याची गरज नव्हती. तो त्यांनी मारला. चौथाही मारला.

ड्रायव्हर आला. त्यानं आधी सीटचं कव्हर पाहिलं, मग माणूस, आणि माणसाला दंडाला धरून खाली उतरवलं. ज्याचं रक्त सांडतं त्याला उतरवायचं, हा नियम श्रीमंतरावांना पाठ होता. आजवर ते उतरणारे होते, इतकंच.

ते खिडकीजवळ बसले. त्यांना बरं वाटत होतं. एकतीस वर्षं ते समजत होते, की लोक रागानं मारतात. मारल्यावर इतकं बरं वाटतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

फोन वाजला.

"काय करून राहिले?" केवळाबाई.

"खिडकीत बसलोय."

"आवाज कामून कापून राहिला? कोण मारलं?"

"कोण न्हाई. म्याच मारलं एकाला."

पलीकडे कुकरची अर्धी शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"लई लागलं का त्याला?"

"नाक मोडलं असंल."

"संगं कोण हाय त्याच्या?"

श्रीमंतरावांनी बाहेर पाहिलं. तो माणूस स्टँडच्या फरशीच्या कडेला बसला होता. समोर एक बाई उकिडवी बसून डोक्याच्या रुमालानं त्याचं नाक दाबत होती. दुसऱ्या हातानं ती आधी त्याचं डोकं मागून चाचपत होती, मग कान, मग जबडा. हा क्रम त्यांना ठाऊक होता.

"बायको हाय."



"मंग उतरा की."

"दिवसाला एकच गाडी हाय."

"उतरा म्हणलं न."

ते सॅक ओढत उतरले. ड्रायव्हरनं घड्याळ दाखवलं. श्रीमंतराव त्या माणसासमोर उभे राहिले आणि गाडीच्या दाराकडे हात केला. "चला, बसा. जागा हाय."

माणूस सावकाश उठला आणि त्यानं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ठोसा येताना श्रीमंतरावांना दिसला होता. त्यांनी हात खालीच ठेवले. समोरचा दात ओठातून बाहेर आला. दुसरा ठोसा कानावर बसला आणि डाव्या बाजूचं जग बंद झालं. बाई मध्ये पडली.

हातातल्या फोनमधून आवाज आला, "लागलं का?"

"हाव."

"बसा आता गप."

ते फरशीवर बसले. तो माणूसही दोन हातांच्या अंतरावर बसला. चढायचं त्राण त्याच्यातही उरलं नव्हतं. बाईनं दोघांकडे पाहिलं आणि दोघांना मिळून एकच वाक्य म्हटलं. भाषा येत नसूनही श्रीमंतरावांना ते पूर्ण समजलं.

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मग गाडी निघाली आणि खिडकीजवळची जागा मोकळीच घाटाकडे गेली.